मानहाइममधला रथ

लुडविग्सहाफेन
रविवार, ८ डिसेंबर १९६३

कुसुम,

हे पत्र भांडण मिटवण्यासाठी लिहिलेलं नाही. भांडण आहे तिथे असू दे. माझी शाळा सोडून तू रास्ता पेठेत व्हरांड्यात बालवाडी काढलीस, मी तिला पाळणाघर म्हटलं, आणि तेव्हापासून तू दादाकरवी निरोप धाडतेस. त्यावाचून माझं काही अडलं नाही. आज अडलं आहे ते एका कामापुरतं, आणि काम तुझ्या विषयातलं आहे. तेव्हा वाचून लगेच उत्तर दे.

फ्लोराच्या बाळंतपणासाठी मी सॅमीकडे आले, हे तुला कळलं असेलच. सुनेला जिने चढायची मनाई आहे आणि सॅमी उजाडायच्या आत कारखान्यात जातो. म्हणून लतिकेला ट्राममधून ऱ्हाइनचा पूल ओलांडून मानहाइमच्या बालवाडीत पोचवायचं माझ्याकडे आलं. पोरगी पाच वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. बालवाडी तिथल्या आपल्या यहुदी लोकांची आहे. लढाईनंतर जी थोडी माणसं परतली त्यांनी सिनेगॉग उभं केलं, आणि मागच्या वाड्यात ही बालवाडी.

पहिल्या दिवशी दारात उभी राहून मी घंटेची वाट पाहिली. घंटा नाहीच. बाकं नाहीत, फळा नाही, हजेरी नाही. एक मुलगा खऱ्या करवतीनं लाकूड कापत होता. दोन मुली टेबलाखाली बसून कांदे सोलत होत्या, रडत होत्या, आणि कोणी त्यांना उठवत नव्हतं. शिक्षिका कुठे म्हणून विचारलं तर एका पोरानं जमिनीकडे बोट दाखवलं. बाई पालथ्या पडून, कपाटाखाली गेलेली गोटी शोधणाऱ्या मुलाला बॅटरी दाखवत होत्या. काढून देत नव्हत्या. बॅटरी दाखवत होत्या!

हिल्डे ब्लुम तिचं नाव. मुलं टांटे हिल्डे म्हणतात, म्हणजे हिल्डेमावशी. लहानपणी आईबापांनी तिला एकटीला इंग्लंडला धाडलं म्हणून ती वाचली. ते वाचले नाहीत. तिथेच ती हे शास्त्र शिकली, त्यामुळे आमचं इंग्रजीत जमतं. तिचा नियम असा की खेळ मुलांनी सुरू करायचा आणि मुलांनीच संपवायचा. मोठ्यांनी मागितला तरच हात द्यायचा.

"मग तू पगार कशाचा घेतेस?" मी विचारलं.

तिनं खरंच विचार केला. म्हणाली, "हात मागेपर्यंत गप्प बसण्याचा. फार कठीण काम आहे. करून बघा."

तुझंच बोलणं ऐकल्यासारखं वाटलं. म्हणून तुझी आठवण झाली, दुसऱ्या कशानं नाही.

आता काम. इथल्या मंडळाचे अध्यक्ष हेर नोयमान म्हणून आहेत, हातमोज्यांचे व्यापारी. मी तीस वर्षं मुख्याध्यापिका होते हे सॅमीनं त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला गाठलं. पालकांची तक्रार आहे की मुलं नुसती खेळतात. "ईस्टरनंतर यातली काही पहिलीत जातील, फ्राउ डिरेक्टोरिन. आमची मुलं मागे पडली तर चालणार नाही. दुसऱ्यांची चालतात, आमची चालत नाहीत." हिल्डेचा करार मार्चमध्ये संपतो. तिला ठेवायचं, की बाकं आणि फळा घेऊन दुसरी बाई आणायची, हे पेसाखच्या सणाआधी मंडळ ठरवणार. ठेवलं नाही तर ती इंग्लंडला परत जाईल. मी तटस्थ, बाहेरची, अनुभवी. तोवर रोज बसून पाहावं आणि मंडळापुढे मत द्यावं, अशी त्यांची विनंती.

मी हो म्हटलं. मत जवळजवळ तयार आहे. तुमचे लोक या प्रकाराच्या बाजूनं काय काय बोलतात तेवढं मुद्देसूद कळव, म्हणजे एकेक खोडून काढता येईल.

तुझी ताई


लुडविग्सहाफेन
रविवार, ५ जानेवारी १९६४

कुसुम,

उत्तर नाही. ठीक.

फ्लोराला मुलगा झाला. दोघं खुशाल. सुंता रीतसर झाली, मोहेल फ्रँकफुर्टहून आला. लती भावाला पाहून म्हणाली, हा खेळायला केव्हा येणार? तिथे हेच शिकवतात, दुसरं काय बोलणार!

मी रोज जाते. हिल्डेनं मला बसायला लहान खुर्ची दिली. मोठी नाहीच म्हणे. त्या खुर्चीत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात आणि कोणावर डोळे वटारायची सोय राहत नाही. हे मुद्दाम केलेलं असावं.

गेल्या मंगळवारी मात्र मी उठले. दोन मुलींनी दोन ठोकळे मेणबत्त्या म्हणून मांडले, डोळ्यांवर हात धरले, आणि शब्बाथ सुरू झाल्याचं जाहीर केलं. मंगळवारी! सगळी पोरं काम टाकून गालिच्यावर पसरली. मी सांगितलं की शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळल्यावर सुरू होतो, तो आपल्या मर्जीनं आणता येत नाही, सहा दिवस कामाचे असतात. लतीनं माझं बोलणं जर्मनमध्ये करून सांगितलं. रुबेन नावाचा करवतवाला मुलगा पडल्यापडल्याच काही बोलला आणि सगळी हसली.

"काय म्हणाला?"

हिल्डे म्हणाली, "म्हणतो, आजींना सांगा, हळू बोला, शब्बाथ आहे."

मी बसले. दहा-पंधरा मिनिटं त्या घरात टाचणी पडली तर ऐकू आली असती. माझ्या शाळेत शांततेसाठी छडी आपटावी लागे, हे मी हिल्डेला सांगितलं नाही.

एक गोष्ट विचारायची आहे. मिरियम म्हणून चार वर्षांची मुलगी आहे, ती कोट काढत नाही. आत शेगडी धगधगत असते आणि ही गळ्यापर्यंत बटणं लावून. बोलतही नाही. डोकं हलवते, बोट दाखवते, फार झालं तर कानात पुटपुटते. तिची आई फ्राउ झिल्बर सकाळभर कुंपणाबाहेर उभी असते, बर्फ पडत असला तरी. ती पोलंडमधल्या लोजची. तिच्या घरचं कोणी उरलेलं नाही. त्याहून जास्त मी विचारलं नाही. हिल्डे म्हणते, काढेल तेव्हा काढेल. मी म्हणते, बटणं सोडवायला किती वेळ लागतो? तुमच्यात अशा वेळी काय करतात?

तुझी ताई


लुडविग्सहाफेन
गुरुवार, ३० जानेवारी १९६४

कुसुम,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी लिहिलंस तेही एक ओळ: "आधी तिच्या आईला आत बोलाव आणि तिचा कोट काढून घे." सही नाही, तारीख नाही. हे माझ्या मुद्द्यांचं उत्तर नव्हे. तरी करून पाहिलं. फाटकाशी जाऊन मी खुणेनं बोलावलं. फ्राउ झिल्बर माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच कॉफीचा पेला तिच्या हातात देऊन परत आले. आता रोज पेला देते. ती आत येत नाही, पण पेला धुऊन परत करते.

काल तु बिश्वात होता. मी ठरवलं की या मुलांना एकदा तरी खरा पाठ मिळाला पाहिजे. झाडांचा सण म्हटल्यावर आपण मलिदाच करणार. पोहे इथे कुठले? इथे ओटच्या चपट्या कण्या मिळतात, हाफरफ्लॉकन. घोडे खातात आणि जर्मन लोकही खातात. त्या भिजवल्या, साखर, वेलदोडे, पुड्यातलं सुकं खोबरं. वर सफरचंद, संत्रं, केळं, खजूर, अंजीर. ताट बरं दिसलं. सॅमीनं रात्री बोटानं चाटून पाहिलं आणि म्हणाला, "आई, चव अलिबागची, चावायला मानहाइमची."

पाठाचा आराखडा असा केला होता: ओळीत बसणं, फळांवरचे आशीर्वाद, एलियाहू हन्नबीची गोष्ट, प्रश्नोत्तरं, मग वाटप. ओळीत कोणी बसलं नाही. गोष्ट मात्र ऐकली. आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याची सांगितली, घाटातल्या नव्हे. नबी आपल्या वाडवडलांना भेटला, आणि तिथून रथात बसून आभाळात गेला तेव्हा खडकावर घोड्याच्या टापा आणि चाकाची खूण उमटली, ती अजून आहे. हिल्डे जर्मनमध्ये सांगत होती.

"तुम्ही पाहिलीत?" रुबेननं विचारलं.

"हात लावला आहे."

त्यानं माझा हात उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाला, "तो आमच्याकडे का नाही आला?"

तुला सांगते कुसुम, तीस वर्षांत इन्स्पेक्टरांनी नाना प्रश्न विचारले, पण असा नाही. मी हिल्डेकडे पाहिलं. ती सफरचंद कापत राहिली. ज्या गावातली माणसं गाडीत घालून नेली, त्या गावात मी या मुलाला काय सांगू?

लती म्हणाली, "आलाही असेल. कोणी नीट शोधलंय का?"

झालं. सगळी पोरं ताट सोडून अंगणात खुणा शोधायला धावली. आशीर्वाद राहिले, प्रश्नोत्तरं राहिली. पाठ साफ फसला. मलिदा मिरियमनं आणि मी संपवला. तिनं तीनदा घेतला.

तुझी ताई


लुडविग्सहाफेन
रविवार, १६ फेब्रुवारी १९६४

कुसुम,

पाच पानी पत्र मिळालं. मुद्दे वाचले. तिसरा आणि चौथा मला मुळीच मान्य नाही. बाकीच्यांवर नंतर.

इथे रथाचं खूळ चालू आहे. चार खुर्च्या, बाळाच्या गाडीची दोन चाकं आणि न्हाणीचा टब मिळून रथ झाला. मी लक्ष घालत नाही. लगाम तेवढे शिवून दिले, कारण पोरं शिदोरी बांधायची सुतळी वापरत होती आणि ती हाताला काचत होती. सॅमी घरभर निळा टाय शोधतो आहे.

घोडे किती यावरून दोन दिवस तंटा झाला. ज्यांना घोडा व्हायचं होतं ते आठ, ज्यांना बसायचं होतं ते दोन. मी हिल्डेला म्हटलं, तू एका शब्दात निकाल दे. ती म्हणे, "मला कुठे कोणी विचारलंय?" शेवटी पोरांनीच ठरवलं की पाळीपाळीनं बसायचं. मग पाळी कोणाची हे लक्षात राहीना, म्हणून रुबेन भिंतीवर खडूनं नावं लिहायला लागला. त्याला त्याचंच नाव येत होतं. बाकीची त्यानं लतीला विचारली, लतीनं मला. मी मागितला तेवढाच हात दिला.

घोडे उधळून दोघांची डोकी आपटल्यावर थांबवणारं कोणी तरी हवं, असं ठरलं. जागेवर उभं राहून "हाल्ट!" म्हणायचं. ते काम मिरियमनं घेतलं. म्हणजे ती जाऊन तिथे उभी राहिली, कोटासकट. पण बोलत नाही, नुसता हात वर करते. घोडे थांबतात! मी हिल्डेला चारदा सांगितलं, तिच्याकडून मोठ्यानं म्हणवून घे, नाही तर काम दुसऱ्याला दे. हिल्डे म्हणाली, "घोड्यांची तक्रार आहे का?"

खुणाही सापडल्या. अंगणात नाहीत, रस्त्यावर. लतीनं शोधल्या. ट्रामचे रूळ! दगडी रस्त्यात दोन लांबच लांब खाचा, चाकांच्याच रुंदीच्या.

मी म्हटलं, "अगं, आपल्या खंडाळ्याची खूण एवढीशी आहे."

"तिकडे तो थांबला होता," लती म्हणाली. "इथे थांबला नाही, म्हणून खूण लांब आहे."

यावर तुझ्याकडे काही उत्तर असेल तर कळव.

आता पोरांना ती खूण कुठवर जाते ते पाहायचं आहे. याच दिवशी हेर नोयमान येऊन गेले. टबात बसलेला मुलगा, तोंडात लगाम धरलेले आठ घोडे, आणि मी लहान खुर्चीत. "धडा कधी सुरू होतो, फ्राउ डिरेक्टोरिन?" त्यांनी विचारलं. मला वाईट वाटलं, कारण बरोबर तोच प्रश्न मला डिसेंबरात पडला होता.

तुझी ताई


लुडविग्सहाफेन
बुधवार, ४ मार्च १९६४

कुसुम,

पाय वर करून लिहिते आहे. गुडघ्याला थोडं लागलं आहे. बर्फावरून घसरलं की होतं असं, काळजीचं कारण नाही, दादाला कळवू नकोस.

परवा, सोमवारी, मुलं खुणेमागून निघाली. हिल्डेनं सगळ्यांना एक लांब दोर धरायला दिला, दारावर चिठ्ठी लावली, पुढे ती, मागे मी. ट्रामच्या थांब्यावर लतीनं एका चालकाला विचारलं, इथून एलियाहू गेला का?

चालक गंभीरपणे म्हणाला, "एलियाहू? कुठल्या डेपोचा?"

"रथवाला. आभाळात गेला तो."

"मग माझ्या मार्गावरचा नव्हे. मी फॉयडनहाइमपर्यंतच जातो." मग टोपी काढून म्हणाला, "पण इथले रूळ लढाईनंतर नव्यानं घातले. त्याआधी कोण कोण गेलं, मला काय ठाऊक?"

ते मुलांना पुरलं. पाण्याच्या बुरुजापर्यंत जाऊन आली, रूळ वळसा घेऊन परत फिरतात हे पाहिलं. म्हणजे तो परत येतो, असा निकाल लागला. सगळी गात परतली.

फाटकात फ्राउ झिल्बर पायरीवर बसली होती. त्या सकाळी ती दात काढायला गेली होती. आली तेव्हा घर रिकामं. एकही मूल नाही. दारावरची चिठ्ठी तिनं वाचली नाही. तिच्यासाठी त्या क्षणी कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं. मिरियमला तिनं उचललं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आणखी चौघांच्या आयांनी मुलं पाठवली नाहीत. नोयमानांचा संताप अनावर. सभा अलीकडे ओढली आहे, पंधरा तारखेला. हिल्डे मला म्हणाली, "मी त्यांना दोष देत नाही. मलाही कोणी तरी एकदा फलाटावर सोडून गेलं होतं." तिनं सामान बांधायला घेतलं आहे.

मी काय बोलणार ते ती विचारत नाही. मीही सांगितलेलं नाही. त्या सकाळी आणखी काय झालं हेही मी कोणाला सांगितलेलं नाही. सॅमीला कळलं तर तो मला एकटीला घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही.

तुझी ताई


लुडविग्सहाफेन
सोमवार, १६ मार्च १९६४

कुसुम,

सभा झाली. तपशीलवार लिहिते, मध्येच हसू नकोस.

लांब टेबलाशी मंडळ, समोर पालक. हिल्डे खिडकीजवळ एकटी. मी इंग्रजीत बोलायचं आणि सॅमीनं जर्मन करायचं, असं ठरलं होतं. नोयमान म्हणाले, "फ्राउ डिरेक्टोरिन, तुमच्या शाळेत तुम्ही अशी शिक्षिका ठेवली असती का?"

"एक दिवससुद्धा नाही," मी म्हटलं.

सॅमीनं सांगितलं. टेबलाभोवती माना हलल्या, "या, या" झालं, म्हणजे हो, हो. मग मी माझ्या तक्रारी वाचल्या: वेळापत्रक नाही, करवत उघडी, शब्बाथ मंगळवारी, पालकांना न विचारता सहल. ही शेवटची चूक मोठी आहे आणि ती पुन्हा होता कामा नये. हिल्डे मान खाली घालून ऐकत होती.

"आता त्या सकाळबद्दल," मी म्हटलं. "बुरुजाजवळच्या चौकात सगळी मुलं काठाशी थांबली. एकटी मी थांबले नाही."

सॅमी थांबला. "आई, म्हणजे काय?"

"तू आधी भाषांतर कर."

त्यानं केलं.

"आमच्याकडे गाड्या डाव्या बाजूनं चालतात. रस्ता ओलांडताना आम्ही आधी उजवीकडे बघतो. साठ वर्षांची सवय. मी उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा, पाऊल टाकलं. ट्राम डावीकडून आली."

"आई! हे तू मला..."

"सॅम्युएल, भाषांतर."

पोरानं तेही केलं. मी पुढे सांगितलं. माझा हात मिरियमच्या हातात होता. ती माझ्याबरोबर आली नाही. तिनं स्वतःला खाली टाकलं, सगळं वजन माझ्या हाताला लटकवलं, आणि ओरडली, "हाल्ट!" मी गुडघ्यावर आपटले. ट्राम पुढून गेली.

"त्या मुलीला तो शब्द मोठ्यानं म्हणायला कोणी शिकवलेलं नाही. ती कितीतरी दिवस रथ थांबवायच्या जागी नुसता हात वर करून उभी राहायची. मी फ्रॉयलाइन ब्लुमना सांगत होते की तिच्याकडून म्हणवून घ्या, नाही तर तिला काढा. त्यांनी काढलं नाही. माझी शाळा असती तर मी मोठ्या आवाजाची दुसरी मुलगी तिथे उभी केली असती, मिरियमला मागे बसवलं असतं, आणि आज हे सांगायला मी नसते. पद्धत मला आवडत नाही. बाई ठेवा."

फ्राउ झिल्बर मागच्या रांगेत उभी राहिली. अंगावर कोट होताच. तिनं सॅमीला नाही, सरळ मला विचारलं, "मिरियम? हाल्ट म्हणाली? मोठ्यानं?"

"या. मोठ्यानं."

"किती?"

आता हे शब्दांत कसं सांगणार? मी उभी राहून जेवढ्या जोरात ती ओरडली तेवढ्या जोरात ओरडले, "हाल्ट!" दार उघडून रखवालदार धावत आला आणि जागच्या जागी थांबला. आधी हिल्डे हसली, मग सगळे. फ्राउ झिल्बर हसली नाही. डोळे पुसत म्हणाली, "घरी ती माझ्या अंगावर एकदाही ओरडली नाही. मला वाटायचं, तिला आवाजच नाही."

मग ती नोयमानांकडे वळली. सॅमीनं मला हळूच सांगितलं ते असं: "मला न सांगता माझं मूल बाहेर न्यायचं नाही. पण नेणारी बाई हीच हवी. आणि मी आत बसणार."

हिल्डे म्हणाली, "बसा. पण खेळ तुम्ही सुरू करायचा नाही."

"गेनाऊ," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून कधी निघायला लागला, मला माहीत नाही. त्याचा अर्थ, अगदी बरोबर.

हात वर झाले. एक वर्षाचा करार, दोन मतं विरुद्ध. नोयमान बाजूनं. नंतर कोट घालता घालता ते मला म्हणाले, "तो रथ मला नीट पाहता आला नाही. बसायला किती जणांची जागा आहे?"

सॅमीनं मला हात धरून घरी आणलं. दारात म्हणाला, "आई, कारखान्यातली पाळी बदलून घेतो, उद्यापासून मी तुला पोचवायला येणार." मी म्हटलं, लतीला पोचवायला मी आहे. तो म्हणाला, "लतीला नाही, तुला."

तुझी ताई


लुडविग्सहाफेन
सोमवार, २३ मार्च १९६४

कुसुम,

बोट एप्रिलच्या अखेरीस आहे. तुझ्या व्हरांड्यातली जागा किती, आणि खुर्च्या केवढ्या, हे कळव. तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यावर समोरासमोर बोलू.

आज सकाळी हेर नोयमान आले. हातात कागदात गुंडाळलेली पितळी घंटा. कुठल्याशा जुन्या ट्रामची, लिलावात घेतलेली, घासून लख्ख केलेली. रथाला बांधायला! स्वतः बांधणार म्हणून पक्कडही आणली होती. मी त्यांना मोठ्या डौलानं आत घेऊन गेले.

रथ नव्हता.

खुर्च्या एका ओळीत मांडलेल्या, टबात वाळू, टेबलावर वाळूचे पाव. लगाम काढून रुबेननं कमरेला फडकं बांधलं होतं. आतल्या बाजूला फ्राउ झिल्बर आणि मिरियम पाव थापत होत्या. मिरियमचा कोट अंगावर, बाह्या वर केलेल्या.

तुला खरं सांगते, मला राग आला. या रथासाठी आम्ही मोठी माणसं सभेत भांडलो, माझी अब्रू चव्हाट्यावर मांडली, मुलानं मला नजरकैदेत ठेवलं. आणि यांनी तो शुक्रवार ते सोमवारच्या मध्ये मोडला!

"कोणाला विचारून मोडलात?" मी म्हटलं.

लतीनं मान वर केली नाही. "तो खेळ संपला, आजी. आता बेकरी आहे."

"पेसाख चार दिवसांवर आलाय. घरातला पाव बाहेर काढायचे दिवस, आणि तुम्ही पाव करता?"

"म्हणून तर विकतोय," लती म्हणाली. "सगळा संपवायला नको?"

हिल्डेकडे पाहिलं. ती खिडकीशी गप्प बसली होती, पगार कमवत.

नोयमान घंटा हातात धरून उभेच होते. रुबेननं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला पाव हवा असेल तर रांगेत उभे राहा." ते उभे राहिले. त्यांच्यामागे मी. पुढे तीन गिऱ्हाइकं होती, प्रत्येकाला घासाघीस करायची होती, आणि कोणी घाई करत नव्हतं. नोयमानांना दोन पाव मिळाले. पैसे नव्हते म्हणून त्यांनी घंटा दिली. ती दुकानाच्या दाराला लागली. मी पुढे सरकले तर टेबल रिकामं.

"संपले," मिरियम म्हणाली. चांगल्या खणखणीत आवाजात. "उद्या लवकर या."

तेव्हा आता दिवा मालवते. उद्या लवकर जायचं आहे.

तुझी ताई